विमानाच्या पंखात कोणता फोम?

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा येतो आणि त्यावर रिबिटांच्या लांबच लांब रांगा. कारखान्यात राबणाऱ्या आमच्या वाचकांना रिबिट म्हणजे काय ते सांगायला नको. परंतु अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत शेकडो माणसांनी आपली नोकरी-धंदा सांभाळून, घराच्या गॅरेजात अशी विमाने बांधली आहेत की ज्यांच्या पंखांत पत्रा नाही आणि रिबिटही नाही. आत आहे फोम आणि वर काचेच्या धाग्याचे कापड. नव्या टीव्हीच्या खोक्यातून जो पांढरा थर्माकोल निघतो, त्याच्याच कुळातला हा फोम. अशा विमानात बसून माणसे हजार हजार मैल जातात, मागच्या आसनावर बायकोला किंवा मुलाला घेऊन जातात.

आता मुद्दा असा की, फोम ही काही एकच वस्तू नव्हे. त्याच्या चार जाती शेजारी शेजारी मांडल्या तर नवख्या माणसाला रंगाखेरीज फरक दिसणार नाही. पण चुकीच्या जागी चुकीचा फोम गेला तर पेट्रोलची टाकी आतल्या आत विरघळते, पंखावरचे कापड सुटते, नाही तर कापतानाच घरात विषारी वायू पसरतो. ही निवड जाणती माणसे कशी करतात, ते या आठवड्यात आम्ही सांगणार आहोत. "विमानाशी आपला काय संबंध?" असे काही वाचक म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा. फायबरच्या कारखान्यात, मंडपाच्या कामात, पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या शेडमध्ये आपल्याच घरातली माणसे हीच रसायने रोज हाताळत असतात.

अमेरिकेत हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली सुरू केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी भरतो. तेथील कायद्याने सामान्य माणसाला विमान बांधण्याची मुभा आहे. मुख्य अट अशी की, निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतःच्या हातांनी, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर केलेले असले पाहिजे. १९७२ साली केन रँड यांचे केआर-१ हे छोटे विमान उडाले. त्याच्या पंखात लाकडाच्या तुळया होत्या आणि मधल्या जागेत फोम घासून आकार दिलेला होता. म्हणजे भार लाकडाने वाहायचा आणि फोमने नुसता आकार द्यायचा.

त्यापुढचे पाऊल बर्ट रुटॅन यांनी टाकले. कॅलिफोर्नियातील मोहावी या वाळवंटी गावात त्यांनी १९७५ साली व्हॅरी-ईझी आणि १९७९ साली लाँग-ईझी ही विमाने उडवली आणि त्यांचे नकाशे सामान्य बांधणाऱ्यांना विकले. फायबरचे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे की, टाकी असो की पुतळा, आधी साचा लागतो, आणि खरा खर्च असतो तो साच्याचा. एकच नग बनवायचा असेल तर साचा परवडत नाही. रुटॅन यांनी साचाच काढून टाकला. फोमचा ठोकळा पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेचे कापड रेझिनने बसवायचे आणि फोम आतच राहू द्यायचा. ज्याच्यावर आकार घडवला तोच पंखाचा गाभा झाला. ही युक्ती ज्याला कळली त्याला पुढची फोमची निवड आपोआप कळत जाते.

पण असला पोकळ पदार्थ माणसांचे वजन पेलतो कसा? घरातल्या मुलांना एक प्रयोग करायला सांगावा. वहीचा एक कागद दोन पुस्तकांच्या मध्ये पुलासारखा ठेवला तर तो आपल्याच वजनाने वाकतो. आता खोक्याचा पुठ्ठा तसाच ठेवून पाहावा. पुठ्ठा म्हणजे तरी काय? वर एक कागद, खाली एक कागद आणि मध्ये नागमोडी कागद. मधला कागद इतकेच काम करतो की, वरच्याला आणि खालच्याला एकमेकांपासून दूर धरून ठेवतो आणि सरकू देत नाही. पंखाचेही तसेच आहे. विमान उडत असताना पंख वरच्या दिशेने वाकू पाहतो, तेव्हा वरचे कापड दाबले जाते आणि खालचे ताणले जाते. दाबले जाणारे कापड सुरकुतू नये, आत घुसू नये म्हणून फोम त्याला पाठीमागून टेकू देतो. दोन्ही कातड्या तेवढ्याच ठेवून त्यांच्यातले अंतर दुप्पट केले तर ताठपणा सुमारे चौपट होतो, आणि वजन वाढते ते फक्त थोड्याशा फोमचे. रुटॅन यांच्या पंखातला निळा फोम एका घनमीटरला सुमारे ३२ किलो भरतो. तेवढ्याच पाण्याचे वजन हजार किलो होते.

मग पहिला प्रश्न येतो तो पांढऱ्या थर्माकोलचा. स्वस्त आहे, गल्लीत मिळतो, तोच का घेऊ नये? थर्माकोल हातात घेऊन मोडून पाहा. तो दाण्यादाण्याने सुटतो. कारण तो बनतोच मुळी फुगवलेले मणी वाफेवर एकमेकांना चिकटवून. मण्यांच्या मध्ये फटी राहतात, त्यांतून पाणी आणि इंधन झिरपू शकते, आणि दाबाखाली तो लवकर बसतो. रुटॅन यांच्या पद्धतीत मुख्य पंखाला तो चालत नाही. त्यांनी निवडलेला निळा स्टायरोफोम रासायनिकदृष्ट्या थर्माकोलचाच सख्खा भाऊ, पॉलिस्टायरिनच. पण तो मणी चिकटवून केलेला नसतो, यंत्रातून एकसंध दाबून काढलेला असतो. त्याचे मोठे ठोकळे मूळचे पाण्यावर तरंगते धक्के बांधण्यासाठी बनवले जात. त्याची बंद छिद्रे मोठी असल्यामुळे रेझिनला पकड चांगली मिळते. घरांच्या भिंतींत उष्णता अडवण्यासाठी निळ्याच रंगाचे जे तक्ते विकतात, त्यांची छिद्रे बारीक असतात आणि पकड तशी मिळत नाही. रंग पाहून माल उचलणारा येथेच फसतो.

निळ्या फोमचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो तापलेल्या तारेने कापता येतो. हे काम पाहण्यासारखे असते आणि ते एकट्याने होत नाही. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे प्लायवूडचे फर्मे ठोकतात. पंख धडाशी रुंद आणि टोकाकडे निमुळता असतो, म्हणून दोन्ही फर्मे सारखे नसतात. पण दोघांवर एकच आकडे लिहिलेले असतात, एकपासून पन्नास-साठपर्यंत. ताणलेल्या तारेत वीज सोडतात. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. पुष्कळ घरांत हे दुसरे टोक बायकोच्या हाती असते. एक जण मोठ्याने आकडे म्हणतो आणि दोघेही आपापल्या फर्म्यावर त्या आकड्याला त्याच क्षणी पोचतात. रुंद टोकाच्या माणसाला भरभर जावे लागते, निमुळत्या टोकाच्याला सावकाश. कोणी घाई केली तर तार मध्ये मागे रेंगाळते आणि पंखाला खड्डा पडतो. तार फार तापली तर फोम गरजेपेक्षा जास्त वितळतो, कमी तापली तर ओढावी लागते. ठोकळा आणि फर्मे नीट मांडायला अर्धा दिवस आणि कापायला काही मिनिटे, असा हा मामला. कापून उरलेला बाहेरचा भाग कोणी शहाणा फेकून देत नाही. पंख पुढे कामाला घेताना तोच त्याचा पाळणा होतो.

आता रेझिनचे पाहू. आपल्याकडे शेडमध्ये जे रेझिन सर्रास वापरतात ते पॉलिएस्टर. त्याचा तो डोक्यात जाणारा उग्र वास स्टायरिन नावाच्या द्रवाचा असतो, आणि स्टायरिन पॉलिस्टायरिनला खाऊन टाकते. निळ्या फोमवर पॉलिएस्टर ओतले तर फोमच्या जागी चिकट चिखल उरेल. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, त्याआधी ज्यांनी मखरे आणि चित्ररथ केले त्यांना हे वेगळे सांगायला नको. थिनरचा रंग थेट थर्माकोलवर मारला की तो खड्डे पाडत आत जायचा. म्हणून निळ्या फोमवर इपॉक्सी रेझिनच लावावे लागते. इपॉक्सी महाग आहे, मोजूनमापून मिसळावे लागते, पण ते फोमला हात लावत नाही.

स्टायरिनसारखेच पेट्रोलही पॉलिस्टायरिनला विरघळवते. लाँग-ईझीच्या टाक्या पंखाच्या मुळाशी, धडाला लागून असतात आणि विमानाच्या अंगातच घडवलेल्या असतात. तेथे निळा फोम वापरून आतून कापडाचा थर दिला, तरी त्या थरात सुईच्या अग्राएवढे छिद्र राहिले की पुरे. पेट्रोल त्यातून शिरते, वर्ष-सहा महिने गाभा खात राहते, आणि बाहेरून रंग जसाच्या तसा चमकत असतो. म्हणून टाकीच्या भिंतींना युरेथेन किंवा पीव्हीसी फोम. या दोघांना पेट्रोल विरघळवत नाही.

युरेथेन फोम बहुधा पिवळसर किंवा हिरवट असतो. तो कोरायला इतका सोपा की जुन्या सुरीने, तारेच्या ब्रशने, एवढेच काय त्याच फोमच्या दुसऱ्या तुकड्याने घासला तरी गोलाई येते. धडाचे वळणदार भाग, नाकाचा भाग यांसाठी तो सोयीचा. मात्र त्याला तापलेली तार कधीही लावू नये. युरेथेन जळला की जे वायू सुटतात त्यांत सायनाइडचा वायू असतो. हे वाक्य घरातल्या मुलांनाही मोठ्याने वाचून दाखवावे. जुन्या गादीच्या, सोफ्याच्या फोमचे तुकडे शेकोटीत टाकण्याची सवय आपल्या वस्त्यांत आहे, तोही युरेथेनच. युरेथेन कोरताना जी बारीक धूळ उडते तीही छातीत जाऊ देऊ नये.

पीव्हीसी फोम सर्वांत चिवट आणि महाग. धडाच्या आतले आडवे पडदे, जमीन, जेथे पाय पडणार किंवा दाब जास्त येणार, तेथे तो घालतात. तो निरनिराळ्या घनतेचा मिळतो. डिव्हिनिसेल नावाच्या प्रसिद्ध फोमचा एच-८० हा प्रकार घनमीटरला ८० किलो आणि एच-१०० हा १०० किलो भरतो. जितकी घनता जास्त तितकी ताकद जास्त आणि वजनही जास्त. नवखा माणूस सगळीकडे जड फोम भरून मोकळा होतो आणि शेवटी विमान इतके वजनदार होते की दुसरा माणूस बसवता येत नाही. तापलेली तार पीव्हीसीलाही वर्ज्य. त्यातून आम्लाचा वायू निघतो. करवत आणि पॉलिश पेपर ही त्याची हत्यारे. बोल्ट मात्र कोणत्याच फोमवर आवळत नाहीत. तो चेपतो आणि बोल्ट सैल होतो. तेवढ्या जागेतला फोम काढून तेथे प्लायवूड, धातू किंवा काचेच्या कापडाचे भरीव थर बसवावे लागतात.

फोम नीट निवडला म्हणजे काम संपले असे नाही. उघड्या फोमवर नुसते रेझिन ओतले तर छिद्रे ते पिऊन टाकतात आणि विमान जड होते. म्हणून इपॉक्सीत काचेच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांची भुकटी कालवून, कपड्याला देण्याच्या खळीसारखी पातळ करून आधी ती फोमवर पसरतात. खड्डा बुजवायचा असेल तर तीच घट्ट कालवायची, रंगारी लांबी भरतात तशी. पण एका वेळी फार जाड भरायची नाही. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापते. मोठा गोळा निळ्या फोमच्या खड्ड्यात भरला तर त्या उष्णतेने फोम आतून वितळतो आणि वर सुबक, खाली पोकळ असा प्रकार होतो.

उन्हाची गोष्टही तशीच. निळा फोम उकळत्या पाण्याच्या उष्णतेपर्यंतही टिकत नाही, त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतो. साध्या तापमानाला घट्ट होणारे इपॉक्सीही फार तापले की ढिले होते. त्यामुळे ही विमाने पांढरी रंगवतात, आणि ती आवड म्हणून नव्हे. काळ्या-निळ्या रंगाचा पंख उन्हात उभा राहिला तर किती तापेल, हे उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या काळ्या सीटवर बसलेल्या कोणालाही विचारावे. कापडाखाली जाण्याआधी फोम नुसता उन्हात पडला तरी त्याचा वरचा थर भुकटी होऊन सुटतो, आणि भुकटीवर चिकटवलेले कापड टिकत नाही. ठोकळे काळ्या कागदात गुंडाळून, चुलीपासून आणि विडीकाडीपासून दूर ठेवतात. हे सगळे फोम पेट घेतात.

येथे आमचे एक मत स्पष्ट सांगतो. या विद्येतला खरा धोका अडाणीपणाचा नाही, काटकसरीचा आहे. ज्याला काही ठाऊक नाही तो नकाशात लिहिले आहे तेच करतो. ज्याला थोडे ठाऊक आहे तो म्हणतो, "हाही निळाच आहे, निम्म्या किमतीत मिळतो." पैसे वाचवणे वाईट नाही, आपल्यापैकी कोण वाचवत नाही? पण बदल करायचाच तर आधी तुकडा करून पाहावा. फोमवर कापड बसवावे, पूर्ण वाळू द्यावे, मग कापडाचा कोपरा धरून उपटावा. कापडाबरोबर फोमही तुटून आला तर पकड चांगली. कापड स्वच्छ सुटून आले तर तो माल पंखाला लावू नये, मग फुकट का मिळेना. रुटॅन यांच्या पुस्तिकेत विमानाला हात लावण्याआधी सरावाचे तुकडे करायला लावले आहेत. त्यांचे वजन करून रेझिन जास्त झाले की कमी ते पाहतात.

रेझिनच्या कामात असलेल्या वाचकांसाठी आणखी दोन शब्द. इपॉक्सीला वास कमी, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. तसे नाही. हाताला वारंवार लागत गेले की काही माणसांचे शरीर एके दिवशी ते नाकारते. खाज, पुरळ, सूज येते आणि मग आयुष्यभर थोड्या वासानेही त्रास होतो. हातमोजे घालावेत, आणि हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसू नये; थिनर ते कातडीत आणखी आत नेतो. काचेचे कापड घासताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, धुळीचा योग्य मास्कच लागतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. मालक मास्क देत नसेल तर तो मागून घ्यावा.

फोमच्या विमानांनी पुढे मोठी झेप घेतली. १९८६ च्या डिसेंबरात बर्ट यांचे बंधू डिक रुटॅन आणि जीना यीगर यांनी व्हॉयेजर विमानातून, वाटेत कोठेही न उतरता आणि इंधन न घेता, ९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या विमानाचीही रचना पुठ्ठ्याचीच. फक्त कातडी कार्बनच्या धाग्यांची होती आणि गाभ्यात बहुतेक ठिकाणी मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी होती. आज मोठ्या पवनचक्क्यांची पाती याच तत्त्वावर बनतात. काचेच्या कापडाच्या दोन कातड्यांमध्ये बाल्सा लाकूड किंवा पीव्हीसीसारखा फोम असतो. सातारा जिल्ह्यातल्या पठारांवर पवनचक्क्या फिरताना पाहिल्या असतील तर हे तत्त्व तुम्ही पाहिलेच आहे.

आपल्या मुंबईतही घरी विमान बांधले गेले. कांदिवलीत वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातील मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवले गेले आणि २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. ते मात्र फोमचे नाही, धातूचे आहे. धातूची एक सोय अशी की, रिबिट ढिले झाले, पत्र्याला चीर गेली तर ती डोळ्यांना दिसते. फोमच्या पंखात बिघाड कातडीखाली असतो.

तो शोधायची रीत आमच्या माता-भगिनींना चांगली अवगत आहे. बाजारात माठ घेताना त्या बोटाने टिचकी मारून पाहतात, तशीच. हातात एक नाणे घेऊन पंखावर सगळीकडे, बोट-बोटभर अंतराने, हलकेच ठोकत जायचे. जेथे कापड फोमला घट्ट बसले आहे तेथे आवाज खणखणीत आणि एकसारखा येतो. जेथे सुटले आहे, हवा राहिली आहे किंवा खालचा फोम वितळला आहे, तेथे आवाज बसका येतो. तेवढ्या जागेभोवती पेन्सिलीने गोल काढतात आणि शेजारी तारीख लिहितात. पोकळी लहान असेल तर दोन बारीक छिद्रे पाडून एकातून इपॉक्सी भरतात आणि ते दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत भरत राहतात. मोठी असेल तर कापड कापून, खराब फोम काढून, नवा तुकडा बसवून पुन्हा सगळे थर देतात. वाळले की त्याच जागी पुन्हा नाणे ठोकून पाहतात.